उसना गळा

माघ लागला की आमच्या बोईसरात दोन गोष्टी हटकून होतात. दुपारी वारा समुद्राकडून फिरतो आणि दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास, कारखान्यांच्या सगळ्या वासांना बाजूला सारून, थेट माझ्या चौथ्या मजल्यावर येतो. शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात, मी उघडते. दुसरी गोष्ट म्हणजे सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम. त्याच्या वेळी मात्र मला खिडकी लावून घ्यावीशी वाटते, पण मी पडले निवृत्त शिक्षिका. पहिल्या रांगेतली खुर्ची चुकवता येत नाही.

यंदा खालच्या मजल्यावरची सहा-सात वर्षांची एक मुलगी नऊवारी नेसून, नथ घालून उभी राहिली. मागे गाणं लागलं, ती ओठ हलवू लागली. मध्येच यंत्र बिघडलं, गाणं थांबलं. हिचे ओठ आपले चालूच. लोक हसले, मग त्यांनी टाळ्याही वाजवल्या. शेजारच्या काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गोड गायली हो!"

"गायली कुठे? ओठ हलवले तिने."

"तेच हो," त्या म्हणाल्या.

तेच नाही. पण काकूंना काय सांगणार? आजकाल गाणारा कोण, याची चौकशी कुणी करत नाही. खरं तर तेव्हाही कुणी करत नव्हतं. मी उगाच आजच्या काळाला नावं ठेवते.

मी दांडीची. मांगेला कोळ्यांच्या घरातली. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम नुकतंच जोरात सुरू झालं होतं ते दिवस. सातारा, नगर, सोलापूर, कुठकुठली माणसं येऊन बोईसर-पास्थळच्या बाजूला खोल्या घेऊन राहिली होती. त्यांना मासे कळत नसत आणि आम्हांला त्यांची भाषा. पण पैसे महिन्याच्या महिन्याला हातात असायचे त्यांच्या, म्हणून आई पाटी घेऊन दांडीहून त्यांच्या दारांवर जायची. मी दुसरीत होते. शाळेपेक्षा मला आईच्या मागे धावणं आवडायचं, कारण मासळीची हाळी मी द्यायची. आई म्हणायची, "माजा आवाज चार घरं जातो, हिचा चाळीस."

अशाच एका सकाळी मी हाळी दिली आणि एका खोलीतून धोतर नेसलेला, हातात ताम्हण घेतलेला माणूस घाईघाईने बाहेर आला. पूजा अर्धी टाकून आला होता. आई चटकन पाटीवर फडकं ओढायला लागली. अशा दारांवरून शिव्या मिळायची तिला सवय होती.

"मासळी नको मला," तो म्हणाला. "ही आत्ता ओरडली ती कोण?"

"माजी पोर हाय. चुकली असंल तं..."

"काळी चार!" तो माणूस म्हणाला. "बाई, ही पोर काळी चारमध्ये ओरडली. पेटीशी ताडून बघितलं मी. सूत इकडे तिकडे नाही."

आईला वाटलं, पोरीला काळी म्हणतोय. ती रागावून म्हणाली, "काळी हाय तर काळी. तुमच्या घरात नाय ना द्यायची?"

मग त्यांनी आम्हांला दारात बसवून पेटी दाखवली, तिची चौथी काळी पट्टी दाबून सूर ऐकवला आणि म्हणाले, "आता ओरड." मी ओरडले. पेटी आणि मी एक झालो. मास्तर खुळ्यासारखे हसले.

हे पेटीमास्तर म्हणजे सांगलीकडचे. बांधकामावर भांडारात कारकून होते आणि मनाने मात्र कायम कुठल्याशा नाटक कंपनीत. एकटे राहायचे. इकडे आलेल्या लोकांनी मिळून एक हौशी मंडळ काढलं होतं, त्यातल्याच एकाने संगीत नाटक लिहिलं होतं आणि माघात ते करायचं ठरलं होतं. राजाचा लहान मुलगा रानात हरवतो आणि आईला शोधत फिरतो, अशी गोष्ट. मुलाच्या तोंडी पदं होती, आणि गाणारं मूल मिळत नव्हतं. मास्तरांनी आईला सगळं समजावून सांगितलं. आईने फक्त एवढंच विचारलं, "लोकांसमोर उभी राहनार ही? मुकुट घालून?"

"मुकुट घालून," मास्तर म्हणाले.

झालं. दिवाळीनंतर मी रोज मास्तरांच्या खोलीत बसू लागले. त्यांचं कामावर जायचं होईपर्यंत शिकवणी, मग आई पाटी विकून येईपर्यंत मी तिथेच बाहेरच्या आंब्याखाली.

ते दिवस सुखाचे होते हे कबूल करायला मला आजही जड जातं. पण होते. थंडीत बोटं आखडलेली असायची, मास्तर आधी स्टोव्हवर हात शेकायचे, मग पेटी उघडायचे. सा. नुसता सा. तोच सा मी इतका वेळ धरून ठेवायची की डोळ्यांसमोरचा आंबा हलायला लागायचा. मग भूप. त्यातला गंधार मला कितीतरी दिवस सापडत नव्हता. सापडला त्या दिवशी मास्तरांनी पेटीवरचे हात काढून घेतले आणि मला एकटीलाच त्यावर उभं राहू दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यानंतर आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पाहिलं, तपासलं, नावाजलं. इतकं लक्ष देऊन ऐकलं मात्र कुणीही नाही.

पण शिकवणं म्हणजे अर्धं काढून टाकणंच असतं, हे मी पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर मला कळलं. मास्तरांनी आधी बोरं बंद केली. माघाच्या तोंडावर बोरं बंद! चिंच बंद, कोकमाचं सार बंद. मग हाळी बंद झाली, घरी गाणंही बंद; गायचं ते फक्त पेटीसमोर. "हा आवाज खाडीवर फेकायचा नाही," ते म्हणत. "शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या कानात अलगद नेऊन ठेवायचा." ते स्वतः डोळे मिटून शेवटच्या रांगेतला म्हातारा व्हायचे. मी अलगद ठेवायला शिकले. गळ्याची जी दारं जन्मापासून सताड उघडी होती ती एकेक करून त्यांनी लावली आणि भिंतीत एक छोटी सुबक खिडकी पाडून दिली.

आमच्या दांडीत आवाज म्हणजे माणसाचं नाव. थंडीत किनाऱ्यावर धुकं उतरलं की होड्या दिसत नाहीत. बाया काठावर उभ्या राहून हाका मारतात, आतून पुरुष ओ देतात. आई नुसत्या 'ओ'वरून सांगायची, हा अमक्याचा पोर, हा तमक्याचा जावई, याला ताप आलेला दिसतो. कधी चुकली नाही. तिला त्याचा गर्वही होता. आणि तिच्या घरात, तिच्याच पोरीचं नाव बदलायचं काम चाललं होतं. ते कुणालाच दिसत नव्हतं. मला तर नव्हतंच. मला मुकुट दिसत होता.

माघ लागताच, प्रयोगाच्या आधी, चुलत बहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नात भटाच्या आधी धवलारणीचा शब्द चालतो. हळद लावण्यापासून वरात निघेपर्यंतची सगळी गाणी तिची. ती ओळ टाकते, आजूबाजूच्या बाया ती झेलतात. आमची जनीआते धवलारीण होती. मला चालता येऊ लागल्यापासून मी तिच्या मांडीला टेकून तिची ओळ झेलत आले होते. त्या लग्नात आतेने ओळ टाकली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच आईने माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"पोरीचं तोंड शिवलंस काय गो?" आते म्हणाली.

"मास्तरांनी सांगितलंय," आई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "असं गायलं की गला बिगडतो. नाटकात गानार हाय ती. राजाचा पोर व्हनार हाय."

"आमचा गला बिगडला काय मग?" आते म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली. मी गळ्याभोवती मास्तरांनी दिलेला मफलर गुंडाळून, नवऱ्याकडच्या पाहुण्यासारखी एका कडेला बसून राहिले. मला वाईट वाटत होतं आणि मोठेपणाही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मी तेव्हा शिकले.

आईने साऱ्या दांडीला आमंत्रण दिलं होतं. प्रयोग शाळेच्या मैदानात, दिवेलागणीलाच होता, कारण प्रेक्षकांपैकी अर्ध्यांना पहाटे पाळीवर जायचं होतं. त्या दिवशी आईने पाटी उचललीच नाही. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, आबोलीचा वळेसर माळला. जनीआतेसकट दहा-बारा बाया उन्हं कलताच चालत निघाल्या. मला मास्तर दुपारीच घेऊन गेले होते.

रंगपटात मी झबलं-धोतर नेसून, पायांत खोटे तोडे घालून बसले होते. बेगड लावलेला पुठ्ठ्याचा मुकुट समोर ठेवला होता. रंगवणारा माझ्या तोंडाला सफेदा फासत होता. एक थर, दुसरा थर. इतक्यात मंडळाचे चिटणीस आले. त्यांच्यामागे बांधकामावरच्या एका ठेकेदाराची मुलगी होती. तिला सगळे बेबी म्हणत. गोरी, गोबरी, माझ्याच वयाची. मांडव, पडदे आणि दिव्यांची सोय त्या ठेकेदाराने केली होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्यात चिटणीसांचं तरी काय चुकलं?

"राजपुत्र बेबी करेल," चिटणीस मास्तरांना म्हणाले. "भाषणं तिने पाठ केलीयत. पदं ही आतून म्हणेल. विंगेत बसून."

"आज? आत्ता सांगताय?" मास्तर म्हणाले.

"अहो, गाते गोड, पण बोलते कोळणीसारखी."

"कोळीणच आहे ती," मास्तर म्हणाले. तेवढं एकच वाक्य ते माझ्यासाठी भांडले. मग ते बराच वेळ चिटणीसांशी हळू आवाजात बोलले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, जिंकले.

"पोरी," माझ्यासमोर उकिडवं बसून ते म्हणाले, "ते पदंच कापायला निघाले होते. मी म्हटलं, एकही पद गाळणार नाही. गाणं वाचलं!"

त्यांना खरंच आनंद झाला होता. हे मी आजवर गिळू शकलेले नाही. ते लबाड असते तर मी त्यांना कधीच विसरून गेले असते. त्यांच्या लेखी सूर लागला की झालं, तो कुणाच्या तोंडाचा म्हणून लोकांनी ऐकला ही किरकोळ गोष्ट होती. रंगवणाऱ्याने खोबरेल घेऊन माझं तोंड पुसलं. कपडे उतरवले, ते बेबीला घातले. कमरेला सैल होत होते, टाचण्या लावल्या. बेबी बिचारी रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. तिच्यावर माझा राग नाही. तिला कुणी विचारलं होतं?

मग मास्तरांनी माझा हात पेटीवर ठेवला. "शपथ घे. कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. सांगितलंस तर सूर रुसतो, कायमचा." त्यांनी ठेकेदाराला तसा शब्द दिला होता, हे मला पुढे कळलं. मी शपथ घेतली. सूर रुसणं म्हणजे काय हे मला त्या गंधाराने शिकवलं होतं. मला त्याचीच भीती वाटली.

तिसरी घंटा झाली, नारळ फुटला, धूप फिरला. मी विंगेत मास्तरांच्या पेटीला टेकून बसले. तिथल्या फटीतून बायकांच्या बाजूची पहिली चटई दिसत होती. आई पुढेच बसली होती, मान उंच करून. राजपुत्र आला. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या मागून आणखी कुणी येतंय का ते पाहिलं. मग जनीआतेच्या कानात काहीतरी बोलली. आतेने मान हलवली. आईची मान हळूहळू खाली आली.

माझं पद आलं. "रानवाऱ्या सांग ना रे, माय माझी कोणत्या दिशेला." माय माझी समोरच्या चटईवर, हात टाकला तर पोचेल इतक्या अंतरावर. मी गायले. शेवटच्या रांगेतला म्हातारा नाही, पहिल्या चटईवरची ती हिरव्या लुगड्यातली बाई धरून गायले. अलगद, शिकवल्याप्रमाणे, एकही दार न उघडता. मैदान चिडीचूप झालं. पद संपलं आणि "वन्स मोअर"चा गलका उठला. फटीतून मी पाहिलं, आई दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. डोळे पुसत होती आणि वाजवत होती.

मला वाटलं, ओळखलं! धुक्यातल्या होडीतला ओ ओळखणारी बाई, पोटच्या पोरीचा आवाज ओळखणार नाही? माझा सगळा अपमान त्या क्षणी धुऊन निघाला. दुसऱ्यांदा मी पद असं गायले, की मास्तर पेटीवर मान टाकून बसले. तसं मी आधी कधी गायले नव्हते आणि नंतर कधीही गायले नाही. माझ्या आयुष्यात मी सुखी होते असं पैजेवर सांगता येईल, अशी ती काही मिनिटं आहेत. तीही चुकीच्या समजुतीवर उभी.

प्रयोग संपल्यावर लोक बेबीला उचलून घेत होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी मागच्या बाजूने बाहेर आले. आई तिथेच उभी होती. तिने मला जवळ ओढलं, माझ्या कपाळावर राहिलेला सफेदा पदराने पुसला.

"आत कशाला ठिवली तुला? पानी द्यायला?"

मी तिचा पदर धरला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "वाईट नको वाटून घेऊ. ती पोर लई बरी गायली गो हिरू. तुज्यापक्षा बरी. खोटं कशाला बोलू? माज्या डोल्यांत पानी आलं."

आम्ही चालू लागलो. बायांच्या हातांत दोन कंदील होते. माझ्यासाठीच कुणी बोलत नव्हतं, हे मला कळत होतं. शेवटी जनीआतेला राहवलं नाही. वाट हलकी व्हावी म्हणून तिने ओळ टाकली, हळदीच्या गाण्यातली. बायांनी झेलली. आते मला म्हणाली, "तू बी झेल. आता कोन तुला नाय म्हननार नाय."

मी झेलली. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. अलगद, गोलावलेलं, काळी चारमध्ये तंतोतंत. मी घाबरून गळा उघडायला गेले, तो उघडेना. पुन्हा तेच आलं. बाया एकेक करून थांबल्या. माझा आवाज एकटाच त्या वाटेवर राहिला, मग मीही थांबले.

आईने कंदील वर करून माझ्या तोंडापाशी धरला.

"तू व्हतीस?"

शपथ होती. मी जीभ हलवली नाही, मानही हलवली नाही. फक्त रडू आलं.

तिने मला जवळ घेतलं नाही, ना मास्तरांना शिव्या दिल्या. कंदील खाली ठेवून ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"आनि मी तिला टाल्या वाजवल्या," आई म्हणाली. "हात दुखले तोवर."

दुसऱ्या दिवसापासून मी पास्थळला गेले नाही. आईही त्या गल्लीत पाटी घेऊन गेली नाही. मास्तर एकदा दांडीपर्यंत शोधत आले होते म्हणतात, आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग बांधकामाचं काम आवरत आलं आणि ते कुठे गेले कुणास ठाऊक. आतेच्या मांडीजवळची माझी जागा मला परत मिळाली, पण मी ओळ झेलली की बाया नकळत सूर आवरता घ्यायच्या. मग मीच गायचं सोडलं. शिकले, नोकरीला लागले, बोईसरला घर केलं. गळा दोघांनाही पुरला नाही, मास्तरांनाही आणि आम्हांलाही.

मला आदर्श शिक्षिकेचा मान मिळाला तो दिवस आठवतो. पालघरला सभागृह भरलं होतं. आईला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझं नाव पुकारलं, मी शाल-श्रीफळ घेऊन वळले आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. आई बसूनच होती. माझ्याकडे डोळे लावून, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून.

तिच्या शेजारची बाई तिच्याकडे पाहून हसली आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "आजींना कळलेलं दिसत नाही, त्यांचीच मुलगी आहे ती."